टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारी पेटी निवडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन नुसते ‘डीव्हीआर (म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) दाखवा’ म्हटले, तर दुकानदार काउंटरवर ठेवतो ती पेटी बहुधा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची असते. मागे चार, आठ किंवा सोळा गोल जोडण्या, आत हार्ड डिस्कला जागा आणि किंमतही आवाक्यातली, त्यामुळे घरच्या टीव्हीला हीच चालेल अशा समजुतीने ती घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती चालत नाही. त्या पेटीला कॅमेऱ्याचे चित्र समजते. उपग्रहाकडून किंवा केबलमधून येणारी वाहिनी शोधून ती उलगडणारा भाग तिच्यात नसतोच. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवायचे असतील तर दुकानात ‘रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स’ असेच शब्द वापरावेत, आणि दुकानात जाण्याआधी घरी बसून थोडा विचार करावा. या खरेदीत चूक होते ती पेटीच्या गुणदोषांमुळे कमी, आणि आपल्या घरात नेमके कोणते प्रक्षेपण येते हे न पाहिल्यामुळे जास्त.

व्हीसीआरच्या काळात टीव्हीवर दिसणारे चित्र फितीवर नव्याने उतरवले जात असे, म्हणून ते मुळापेक्षा पुसट दिसे आणि फीत जितकी जास्त वेळा फिरे तितके आणखी उतरत जाई. १९९९ साली अमेरिकेत टिवो ही फितीऐवजी हार्ड डिस्क वापरणारी पेटी विक्रीला आली, आणि आपल्याकडे २००८ साली टाटा स्काय प्लसच्या रूपाने अशी पेटी डीटीएच ग्राहकांच्या घरात पोहोचली. आजच्या पेटीचे काम फितीपेक्षा अगदी वेगळे आहे. उपग्रहावरून येणारी वाहिनी मुळातच आकड्यांच्या स्वरूपात आणि दाबून लहान केलेली असते. रेकॉर्डर तेच आकडे जसेच्या तसे हार्ड डिस्कवर ठेवतो आणि त्यांचे चित्र बनवण्याचे काम आपण कार्यक्रम पाहायला बसू तेव्हा करतो. धान्याचे पोते न सोडता कोठीत ठेवावे आणि लागेल तेव्हा दळावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून रेकॉर्डिंगचे चित्र थेट प्रक्षेपणाइतकेच स्वच्छ असते. वाहिनी एचडी असेल तर रेकॉर्डिंगही एचडी, साधी असेल तर साधे. पेटीच्या खोक्यावर ‘उत्तम रेकॉर्डिंग दर्जा’ असे छापलेले असले तरी त्यासाठी एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नाही.

पहिला प्रश्न आहे तो घरात वाहिन्या कशा येतात हा. पैसे भरून घेतलेली डीटीएच सेवा असेल, तर बाजारातून कोणतीही पेटी आणून त्या छत्रीला जोडता येत नाही. वाहिन्या कुलूपबंद येतात आणि ते कुलूप उघडणारी व्यवस्था त्या कंपनीच्याच पेटीत असते, त्यामुळे निवड त्या कंपनीकडे असलेल्या पेट्यांपुरतीच उरते. केबलचेही तसेच आहे. मुंबईत २०१२ अखेर आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली, तेव्हापासून तिथेही केबलवाल्याने दिलेली पेटीच लागते. दूरदर्शनची डीडी फ्री डिश घेतली असेल तर मात्र निवडीला बराच वाव आहे. तिच्याकडे नंतर येते.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. अनेक टीव्हींच्या माहितीपत्रकात ‘यूएसबी रेकॉर्डिंग’ असे लिहिलेले असते आणि पेन ड्राइव्ह खोचली की काम झाले असे ग्राहकाला वाटते. टीव्ही रेकॉर्ड करतो ती त्याच्या स्वतःच्या ट्यूनरने, म्हणजे आतल्या वाहिनी शोधणाऱ्या भागाने, पकडलेली वाहिनी. आपल्या घरांत टीव्हीचा ट्यूनर बहुतेक वेळा रिकामाच असतो, कारण चित्र सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआय वायरने येते, आणि त्या वायरीतून आलेले चित्र टीव्ही रेकॉर्ड करीत नाही. मधे एखादे वेगळे यंत्र लावून ते पकडू म्हटले, तर एचडीएमआयवरच नक्कल रोखणारी सोय असते आणि पडदा काळा दिसतो. तेव्हा रेकॉर्डिंगच्या आशेने महागडा टीव्ही घेऊ नये. ती सोय सेट-टॉप बॉक्समध्येच पाहावी.

आता ट्यूनरविषयी, कारण घरातली भांडणे मिटवणारा भाग हाच आहे. ट्यूनर म्हणजे एका वेळी एक वाहिनी पकडणारा कान. पेटीत एकच ट्यूनर असेल, तर नऊ वाजताची मालिका रेकॉर्ड होत असताना दुसऱ्या वाहिनीवरचा सामना सहसा पाहता येत नाही; तीच मालिका पाहावी लागते किंवा आधी साठवलेले काहीतरी. पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेक स्वस्त पेट्या अशा एककानी असतात. दोन ट्यूनर असले की एक वाहिनी साठते आणि दुसरी पाहता येते, आणि जेवणाच्या वेळी कोणालाही माघार घ्यावी लागत नाही. ज्या घरात दोन पिढ्यांसाठी एकच टीव्ही आहे तिथे दोन ट्यूनरची पेटीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, मग हार्ड डिस्क थोडी लहान असली तरी चालेल.

पण दोन ट्यूनरना बहुधा छत्रीपासून दोन वायरी लागतात, ही गोष्ट पेटी बसवायला आलेला माणूस नेहमीच सांगतो असे नाही. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला, म्हणजे लहरी पकडून वायरीत सोडणाऱ्या भागाला, पेटी त्याच वायरीतून वीज पाठवते: १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी एका प्रकारच्या लहरी देते, १८ व्होल्ट पाठवले तर दुसऱ्या प्रकारच्या. उपग्रहावरच्या वाहिन्या या दोन गटांत वाटलेल्या असतात आणि साध्या वायरीतून एका वेळी एकच गट येऊ शकतो. पहिला ट्यूनर १३ मागतो आहे आणि दुसऱ्याला १८ हवे आहेत, अशा वेळी वायर एकच असेल तर दोघांपैकी एक उपाशी राहतो. माझ्या भावाच्या घरी गच्चीवरून दुसरी वायर आणण्याचा कंटाळा करून बसवणाऱ्याने पेटीमागे एक छोटा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारा जोड, लावून दिला होता. काही वाहिन्या रेकॉर्ड होत, काहींच्या जागी ‘सिग्नल नाही’ असा संदेश साठलेला असे, आणि महिनाभर सगळे जण पेटीलाच दोष देत होते. एलएनबी दोन तोंडांची बदलून दुसरी वायर टाकल्यावर तीच पेटी नीट चालू लागली. एका वायरीवर दोन ट्यूनर चालवणाऱ्या खास एलएनबी असतात, पण पेटीनेही ती पद्धत पाळलेली असावी लागते. म्हणून पेटी बसवली जात असताना खिडकीतून किती वायरी आत आल्या ते आपण स्वतः पाहावे.

जागेचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा समजला की दुकानातल्या आकड्यांनी बावरायला होत नाही. एचडी वाहिनी सेकंदाला साधारण ८ मेगाबिट या वेगाने येते असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, आणि तासाला सुमारे ३.६ जीबी. साध्या वाहिनीला तासाला एक ते दीड जीबी पुरतात. अर्ध्या तासाची मालिका आठवड्यातून सहा दिवस एचडीवर साठवली तर आठवड्याला अकरा जीबीच्या आसपास जागा जाते. चार तासांचा ट्वेन्टी-२० सामना चौदा-पंधरा जीबी घेतो, आणि कसोटीचा एक दिवस उपाहार आणि चहापान धरून सात तासांचा मानला तर पाच दिवसांचे सव्वाशे जीबी होतात. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर कागदोपत्री एचडीचे १३९ तास बसतात. त्यातली काही जागा पेटी स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते. क्रिकेट न पाहणाऱ्या आणि मालिका पाहून लगेच पुसणाऱ्या घराला एवढी जागा आयुष्यभर भरत नाही. २ टीबीचा आग्रह धरण्याआधी आपण गेल्या महिन्यात साठवलेले किती प्रत्यक्ष पाहिले असते याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा.

साठवण पेटीत आत नसून बाहेरून जोडायची असेल, तर पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क हा प्रश्न येतो, आणि इथे मात्र थोडा जास्त खर्च करावा. वेग हा मुद्दा नाही. सेकंदाला १ मेगाबाइट लिहिणे कोणत्याही पेन ड्राइव्हला जमते. मुद्दा आहे झीज होण्याचा. चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय देण्यासाठी काही पेट्या आपण पाहत असलेली वाहिनी सतत लिहीत राहतात, रेकॉर्डिंग लावलेले असो वा नसो. टीव्ही दिवसाला आठ तास चालू असेल तर एचडीचे जवळपास २९ जीबी रोज लिहिले जातात, म्हणजे ३२ जीबीची पेन ड्राइव्ह रोज जवळजवळ पूर्ण पुसून पुन्हा भरली जाते. पेन ड्राइव्हमधल्या पेशी ठरावीक वेळाच लिहून घेतात, आणि स्वस्त माल असा राबवला की काही महिन्यांत चित्र अडखळू लागते. हार्ड डिस्क हे काम निमूटपणे करते. मात्र लहान, खिशात मावणारी हार्ड डिस्क पेटीच्या यूएसबीमधूनच वीज घेते, आणि जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअर एवढीच असते. फिरायला सुरुवात करताना डिस्कला याहून जास्त लागली तर ती नुसती टिकटिक करते आणि पेटीला दिसतच नाही. तो टिकटिक आवाज आला की डिस्क बिघडली असे समजून परत करायला धावू नये. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा मधे वीज पुरवणारा यूएसबी हब (जोडण्या वाढवणारी छोटी पेटी) लावून पाहावा.

आणखी एक ताकीद. बाहेरची डिस्क पहिल्यांदा जोडली की पुष्कळ पेट्या ती आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतात, म्हणजे तिच्यावर आधी असलेले सगळे पुसतात. टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न येतो आणि घाईत रिमोटवरचे ओके दाबले जाते. लग्नाचे, बारशाचे फोटो असलेली डिस्क सेट-टॉप बॉक्सला कधीही जोडू नये. या कामासाठी कोरी डिस्क वेगळी ठेवावी.

पेटी निवडताना कार्यक्रमांची सूची, म्हणजे रिमोटवरचे गाइडचे बटण दाबल्यावर येणारा तक्ता, प्रत्यक्ष चालवून पाहावा. मालिकेच्या नावावर एकदा खूण केली की तिचे पुढचे सगळे भाग आपोआप साठतात का, की रोज नव्याने सांगावे लागते? ज्या घरात रेकॉर्डिंग लावणारी व्यक्ती साठी-सत्तरीची आहे, तिथे ही एक सोय हार्ड डिस्कच्या आकारापेक्षा मोलाची आहे. सूचीतल्या वेळा वाहिनी नेमकेपणाने पाळतेच असे नाही. एखाद्या रविवारी महाएपिसोड लांबतो, सामना उशिरा संपतो, आणि रेकॉर्डिंग नेमके निकाल लागायच्या आधी तुटते. म्हणून ठरलेल्या वेळेच्या दोन-पाच मिनिटे आधी सुरू आणि दहा-पंधरा मिनिटे नंतर बंद, अशी मुदत वाढवून ठेवता येते का हे विचारावे. एकाच ट्यूनरच्या पेटीत दोन लागोपाठचे कार्यक्रम असे वाढवले की ते एकमेकांवर चढतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्याकडे वीज आणि पाऊस यांचा विचार केल्याशिवाय या विषयाला पूर्णता नाही. रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणे बंद करण्याची सवय चांगली आहे, पण मुख्य बटण बंद केलेली पेटी पहाटेचे अभंग साठवू शकत नाही. रेकॉर्डिंग लावले असेल तर टीव्ही बंद करावा, पेटी फक्त रिमोटने झोपवावी. लाइट जाऊन पुन्हा आल्यावर पेटी स्वतःहून जागी होते, उपग्रहाकडून वेळ घेते आणि लावलेले रेकॉर्डिंग तिच्या लक्षात राहते का, याची परीक्षा घरीच घेता येते. अर्ध्या तासानंतरचे दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग लावावे, पेटीची वीज पाच मिनिटे काढून पुन्हा द्यावी, आणि मग हात न लावता वाट पाहावी. ही परीक्षा पेटी परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी. जिथे भारनियमन नेहमीचे आहे तिथे टीव्ही नव्हे, निदान पेटी तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी. तिला वीज फार लागत नाही.

पावसावर उपाय थोडाच आहे. डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि एवढ्या आखूड लहरींना जोराचा पाऊस शोषतो आणि विखुरतो. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीवर येणाऱ्या लहरी साधारण साडेसात सेंटिमीटरच्या असतात, म्हणून तुफान पावसात शेजारची केबल चालू राहते आणि आपली छत्री मान टाकते. जुलैत कोकणात सायंकाळचे रेकॉर्डिंग मधेच कोरे निघाले तर तो पेटीचा दोष नाही. छत्री नेमकी दिशेला लावून सिग्नलची पट्टी कोरड्या दिवशी वरच्या टोकाला राहील असे पाहावे आणि मालिकेचे पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी कधी असते ते टिपून तेही लावून ठेवावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. साठवलेले कोणाचे? माझ्या मावशीचे भजनी मंडळ एकदा सह्याद्री वाहिनीवर आले. तिने ते आपल्या डीटीएच पेटीला जोडलेल्या डिस्कवर रेकॉर्ड केले, आणि पुढे जवळपास तीन वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवीत असे. पडद्यावर दुसऱ्या ओळीत, डाव्या बाजूला, टाळ घेऊन ती बसलेली दिसे. मग पेटी बिघडली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने नियमाप्रमाणे जुनी पेटी नेली आणि नवी लावली. कार्यक्रम बाहेरच्या हार्ड डिस्कवर होता, डिस्क मावशीच्याच हातात होती, पण नवी पेटी ती ओळखेना आणि संगणकावर नुसत्या निरर्थक फायली दिसत. मी दोन रविवार त्यावर घालवले आणि काही निघाले नाही.

यात बिघाड काहीच नव्हता. व्यवस्थाच तशी आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेची पेटी रेकॉर्डिंग करताना ते कुलूपबंद करूनच डिस्कवर ठेवते, आणि किल्ली त्या एका पेटीत असते. पेटी बदलली की किल्ली गेली. बहुतेक सेवांमध्ये रिचार्ज संपल्यावर आधीचे रेकॉर्डिंगही उघडत नाही. वाहिन्यांचे हक्क सांभाळण्यासाठी हे केलेले असते आणि त्याला कारण आहे, पण विकताना ही गोष्ट ठळकपणे कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. तेव्हा पैसे भरण्याआधी स्पष्ट शब्दांत विचारावे: पेटी बदलली तर जुने रेकॉर्डिंग दिसेल का, रिचार्ज थांबवला तर दिसेल का, आणि रेकॉर्डिंगच्या सोयीसाठी दरमहा वेगळे पैसे आहेत का. डीटीएचच्या पेटीला आठवडाभराचे फडताळ समजावे. जपून ठेवायच्या गोष्टीसाठी ती नाही.

जपून ठेवायचे असेल तर डीडी फ्री डिश हा मार्ग आहे. जीसॅट-१५ या उपग्रहावरून येणाऱ्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही, सह्याद्री तिच्यावर आहे, आणि खुल्या, कुलूप नसलेल्या वाहिन्या साध्या पेटीने यूएसबीवर रेकॉर्ड केल्या तर ती फाइल बहुधा संगणकावर व्हीएलसीसारख्या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने सरळ चालते. फ्री डिशवर काही वाहिन्या चित्र दाबून लहान करण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने येतात आणि काही नव्या एमपेग-४ पद्धतीने, म्हणून पेटी एमपेग-४ समजणारी घ्यावी. जुनी पेटी नव्या पद्धतीच्या वाहिन्या दाखवीत नाही. विकत घेण्याआधी दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपवर चालते का ते पाहावे. घरच्या घरी पाहण्यासाठी असे साठवणे आणि ते गटागटांतून वाटत सुटणे यांत फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातली खासगी वापराची सवलत घरापुरती आहे.

हे सगळे वाचून रेकॉर्डर हवाच कशाला, मालिका तर मोबाइलवरही मिळतात, असे कोणी म्हणेल. मोठ्या वाहिन्यांच्या लोकप्रिय मालिकांपुरते ते बरोबर आहे, आणि ज्यांच्या घरी चांगले ब्रॉडबँड आहे आणि पाहायच्या आहेत त्या एवढ्याच मालिका, त्यांनी ही खरेदी करू नये. डीटीएच कंपन्याही आता इंटरनेटला जोडणाऱ्या अँड्रॉइड पेट्यांवर भर देतात, त्यांत रेकॉर्डिंग असेलच असे गृहीत धरू नये. पण जिथे नेटचा भरवसा नाही, जिथे स्मार्ट टीव्हीचा रिमोट आजीच्या हाताला जमत नाही, किंवा जिथे सह्याद्रीवरचा एखादा कृषी कार्यक्रम, मुलाखत, ओळखीच्या माणसाचे गाणे एकदाच लागते आणि पुन्हा कुठे सापडत नाही, तिथे आजही रेकॉर्डरला पर्याय नाही.

मावशीकडे आता दोन पेट्या आहेत. मालिकांसाठी डीटीएचची, दोन ट्यूनरची. आणि तिच्या शेजारी फ्री डिशची लहानशी पेटी, जिच्यावर ती फक्त सह्याद्री लावते. मंडळ पुन्हा टीव्हीवर आले तेव्हा मी मुक्कामाला गेले, रेकॉर्डिंग दहा मिनिटे आधी सुरू केले, दुसऱ्या दिवशी फाइल लॅपटॉपवर चालवून पाहिली आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेतली. एक तिच्या कपाटात आहे, दुसरी माझ्याकडे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत आम्ही दोघीही आपापली डिस्क एकदा लावून बघतो.